देणगी रोपाला, राखण कुणाच्या भरवशावर?

महाराष्ट्रात एखाद्या धर्मादाय संस्थेला निसर्गासाठी काही करायचं असेल, तर सर्वांत सोपं काम म्हणजे रोपं लावणं आणि सर्वांत अवघड काम म्हणजे एखादी जमीन आहे तशी राखणं. पहिल्या कामाला खड्डे, पाण्याचा टँकर आणि पाच जूनची तारीख पुरते. दुसऱ्याला सातबाऱ्यावरच्या सगळ्या खातेदारांची संमती लागते, पुढच्या पिढीनेही मानावा असा करार लागतो, आणि वीस-तीस वर्षं तिथंच पाय रोवून राहणारं कुणीतरी लागतं. बहुतेक पैसा पहिल्या कामाकडे जातो.

निसर्गशिक्षण आणि जमिनीचं संवर्धन यांसाठी राज्यात कंपन्या, विश्वस्त संस्था, स्वयंसेवी संघटना, शाळा, गावं आणि वनखातं यांनी एकत्र येऊन केलेले प्रयोग पुष्कळ आहेत. त्यांतले टिकलेले थोडे. जे टिकले त्यांच्याकडे पाहिलं की एक गोष्ट डोळ्यांत भरते. तिथं खर्चाचा मोठा भाग वस्तूंवर न होता माणसांवर झाला, आणि त्या माणसांचं काम शिकवणं आणि राखणं असं दुहेरी होतं.

पैसा आणि त्याची मुदत

निसर्गप्रेमी मंडळींनी वर्गणी काढून संस्था चालवण्याची आपल्याकडची परंपरा जुनी आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी मुंबईत १८८३ साली आठ जणांनी सुरू केली; त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे भारतीय होते. डब्ल्यूडब्ल्यूएफ-इंडियाची धर्मादाय न्यास म्हणून नोंदणी १९६९ साली मुंबईतच झाली. त्या काळी पैसा कमी होता, पण तो खर्चायला मुदत नव्हती.

चित्र बदललं ते २०१३ च्या कंपनी कायद्याने. कलम १३५ नुसार ५०० कोटींची नक्त मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा नक्त नफा यांपैकी एका कसोटीत बसणाऱ्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू झालं आणि ‘सीएसआर’ हा शब्द तालुक्याच्या संस्थांच्या तोंडीही रुळला. कोणत्या कामांवर खर्च करायचा त्याची यादी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आहे. तिथं शिक्षण एका नोंदीत आहे आणि पर्यावरण दुसऱ्या. कागदावर ही विभागणी निरुपद्रवी वाटते. प्रत्यक्षात कंपनीतली मंडळी अहवालाच्या रकान्यांप्रमाणे विचार करतात: शाळेला दिलेला पैसा ‘शिक्षणा’त, बंधाऱ्याला दिलेला ‘पर्यावरणा’त. गावातल्या मुलांना त्याच बंधाऱ्यावर नेऊन पाणी कसं मुरतं ते दाखवणारा कार्यकर्ता कुठल्या रकान्यात बसवायचा, हा प्रश्न मग त्या कार्यकर्त्याच्या पगारावर येऊन आदळतो. देशभरातल्या सीएसआर खर्चात शिक्षण आणि आरोग्य यांचा वाटा सर्वांत मोठा असतो; पर्यावरणाच्या वाट्याला त्या मानाने बरंच कमी येतं.

दुसरी अडचण मुदतीची. नियमांनुसार ‘चालू प्रकल्प’ म्हणजे सुरुवातीचं वर्ष सोडून फार तर तीन वर्षांचा. तीन वर्षांत शाळेची इमारत उभी राहते. जंगल उभं राहत नाही आणि गावाची सवयही बदलत नाही. कार्यकर्त्याचा पगार प्रकल्पखर्चात धरायला कायद्याची मनाई नाही, तरी देणगीदाराला फलक लावता येईल अशी वस्तू हवी असते. परदेशी देणग्यांची वाट त्यांच्याविषयीच्या कायद्याच्या २०२० च्या दुरुस्तीने अरुंद झाली: प्रशासकीय खर्चाची कमाल मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली, प्रत्येक संस्थेला स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेत खातं उघडणं बंधनकारक झालं, आणि एका संस्थेने आलेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळती करणं बंद झालं. हा शेवटचा बदल लहान गटांना सर्वांत जड गेला. मोठी संस्था पैसा आणायची आणि गावपातळीवरच्या गटाकडे सोपवायची, ती साखळीच तुटली.

जमीन विकत घेता येत नाही, मग?

इंग्लंडमध्ये १८९५ साली स्थापन झालेल्या नॅशनल ट्रस्टने किंवा अमेरिकेतल्या १९५१ च्या नेचर कॉन्झर्व्हन्सीने जमिनी विकत घेऊन किंवा देणगीत मिळवून राखल्या. अमेरिकेत आणखी एक सोय आहे: मालक जमीन स्वतःकडेच ठेवतो, पण तिथं बांधकाम करण्याचा हक्क कायमचा सोडून देतो. ते बंधन पुढच्या वारसालाही लागू राहतं आणि मालकाला करसवलत मिळते.

महाराष्ट्रात या दोन्ही वाटा जवळपास बंद आहेत. १९४८ च्या कूळकायद्याच्या कलम ६३ नुसार जो शेतकरी नाही त्याला शेतजमीन परवानगीशिवाय घेता येत नाही. त्यावर कमाल जमीनधारणेचा कायदा आहे. कायमच्या संवर्धन-बंधनाला आपल्याकडे तयार कायदेशीर साचा नाही. कोकणात आणखी एक भीती मुरलेली आहे. १९७५ च्या खासगी वने संपादन कायद्याने अनेकांच्या जमिनी सरकारजमा झाल्या, तेव्हापासून आपल्या डोंगरावर दाट रान माजू देणं म्हणजे संकट ओढवून घेणं, असं मानणारे मालक आजही भेटतात. रान राखणाऱ्याला बक्षीस नाही आणि तोडणाऱ्याला ठेकेदाराकडून रोख रक्कम, असा हा उलटा हिशेब आहे.

कायद्यात काही फटी आहेत. २००२ च्या दुरुस्तीने वन्यजीव कायद्यात खासगी किंवा सामूहिक जमिनीवरच्या ‘समुदाय राखीव क्षेत्रा’ची तरतूद आली, पण आपल्याकडे ती फारशी वापरलेली दिसत नाही. जैवविविधता कायद्यातलं ‘वारसा स्थळ’ मात्र थोडं उपयोगी पडलं आहे. सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यातल्या हेवाळे-बांबर्डे इथलं रानजायफळांचं दलदलीतलं जंगल २०२१ साली असं स्थळ म्हणून जाहीर झालं. क्षेत्र जेमतेम अडीच हेक्टर, आणि ते आजवर टिकलं ते देवराई म्हणून.

बेहड्याचं झाड उभं ठेवण्याची किंमत

रत्नागिरी जिल्ह्यात वनखात्याच्या ताब्यातलं क्षेत्र नगण्य आहे. जे रान आहे ते बहुतांश खासगी. संगमेश्वर तालुक्यात पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन या संस्थेने जमीनमालकांशी आणि गावांशी ठरावीक मुदतीचे करार करायला सुरुवात केली. मालकाने रान तोडायचं नाही, आणि त्याबदल्यात मोबदला किंवा गावाच्या उपयोगाचं एखादं काम. पुढे या कामाला बाजाराची जोड मिळाली ती बेहड्यामुळे.

बेहड्याचं झाड उंच, सरळसोट वाढतं आणि जुन्या झाडाला ढोली पडतात. धनेशाला घरट्यासाठी अशीच ढोली लागते. मादी आत बसते, ढोलीचं तोंड लिंपून फक्त एक फट ठेवते, आणि नर कित्येक आठवडे त्या फटीतून तिला आणि पिल्लांना फळं भरवतो. एवढी जाड झाडं ठेकेदाराच्याही नजरेत भरतात. लाकूड फार टिकाऊ नसलं तरी खोक्यांना आणि जळणाला चालतं. संस्थेने त्याच झाडाच्या फळाला गिऱ्हाईक शोधलं. त्रिफळ्यासाठी बेहडा लागतोच. पक्का हर्ब्स या ब्रिटिश कंपनीने रानातून जबाबदारीने गोळा केलेल्या मालासाठी असलेल्या ‘फेअरवाइल्ड’ या मानकानुसार हा माल घ्यायला सुरुवात केली. झाडाखाली पडलेलीच फळं वेचायची, रानातल्या प्राण्यांसाठी काही मागे ठेवायची, वाळवून-निवडून द्यायची आणि कुठल्या झाडाचं किती उत्पन्न याची नोंद ठेवायची, असा हा शिस्तीचा धंदा आहे.

या प्रयोगात शिक्षण वेगळं काढून दाखवता येत नाही. फळं वेचणाऱ्या बाईला झाडांची नोंद ठेवायला शिकवलं, म्हणजे तिला धनेशाचं घरटंही ठाऊक होतं आणि ते झाड तोडल्यास यंदाचं आणि पुढच्या प्रत्येक वर्षाचं किती नुकसान, याचा आकडाही. मर्यादाही स्पष्ट आहेत. परदेशातल्या एका गिऱ्हाइकावर उभा असलेला हिशेब त्या गिऱ्हाइकासोबत डळमळू शकतो. करार मुदतीचे आहेत, आणि सातबाऱ्यावर आठ-दहा नावं असतील तर मुंबईतल्या एका चुलतभावाची नाराजीही सगळं अडवू शकते.

वेळासच्या टोपल्या

मंडणगड तालुक्यातलं वेळास आता सर्वांना माहीत आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने २००२ पासून इथं ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचं संरक्षण सुरू केलं. त्याआधी अंडी खाण्यासाठी आणि विक्रीसाठी सर्रास उकरली जायची.

कामाची रीत साधी आहे. थंडीच्या दिवसांत पहाटे किनाऱ्यावर चालत जायचं, मादीच्या पावलांचा माग ओळखायचा, घरटं सापडलं की शंभर-सव्वाशे अंडी हलक्या हाताने काढून भरतीच्या पाण्यापासून लांब कुंपणाच्या आत तेवढ्याच खोलीच्या खड्ड्यात ठेवायची आणि तारीख लिहायची. पन्नासेक दिवसांनी पिल्लं वर येण्याची वेळ झाली की प्रत्येक घरट्यावर टोपली पालथी घालतात आणि सकाळ-संध्याकाळ ती उचलून बघतात. सुटीत आलेली मुलं त्या टोपलीभोवती श्वास रोखून उभी असतात. पाठ्यपुस्तकातला धडा इथं समुद्राकडे चालत जातो.

कासव महोत्सव हे या भागीदारीचं सर्वांत शहाणपणाचं पाऊल. संस्थेने स्वतः रिसॉर्ट काढलं नाही; पाहुणे गावातल्या घरांत उतरतात, जेवण तिथंच, पैसे त्या घरालाच. अंडी राखणाऱ्या ‘कासवमित्रां’ना मानधन आणि घरमालकांना उत्पन्न, त्यामुळे घरट्यावर नजर ठेवणारे डोळे वाढले. पुढे वनखातं आणि राज्याचं कांदळवन प्रतिष्ठान यांनी हे काम किनाऱ्यावरच्या इतर गावांत नेलं. लहान संस्थेने वाट पाडायची आणि सरकारने ती रुंद करायची, याचं हे चांगलं उदाहरण आहे. किनाऱ्यालगत येणारे रस्ते, भिंती आणि दिवे यांना मात्र ही टोपली अडवू शकत नाही.

गावाचा हक्क आणि अभ्यास गट

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाची गोष्ट या सगळ्यांपेक्षा वेगळी, कारण तिथं पैशाचा वाटा सर्वांत कमी आहे. देवाजी तोफा यांचं नेतृत्व आणि वृक्षमित्र संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांची दीर्घ सोबत यांतून गावाने ‘अभ्यास गट’ सुरू केला. बाहेरचा जाणकार येतो, गावकऱ्यांसोबत बसतो, जंगल, बांबू, कायदा, मध अशा विषयांवर बोलणं होतं; निर्णय मात्र ग्रामसभा एकमताने घेते. वनहक्क कायद्याखाली २००९ साली या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ साली बांबू विकण्यासाठी वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. २०१३ साली गावाने ग्रामदान कायद्याखाली आपली खासगी जमीनही गावाकडे सोपवण्याचा निर्णय घेतला.

इथं संस्थेने जमीन राखली नाही. जमीन राखण्याचा हक्क आणि त्यासाठी लागणारी समज गावाकडे असावी यासाठी ती सोबत राहिली. देणगीदारांच्या भाषेत याला ‘क्षमता बांधणी’ म्हणतात आणि अंदाजपत्रकातून सर्वांत आधी हीच ओळ खोडली जाते.

देवरायांच्या बाबतीत देणगीचा उलटा परिणामही पाहायला मिळतो. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास मांडला, तेव्हापासून त्यांचं महत्त्व वैज्ञानिकही मानतात. पण गावचे मुंबईकर चाकरमानी देवावरच्या श्रद्धेने वर्गणी पाठवतात ती मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी. कौलारू देऊळ जाऊन स्लॅब येतो, सिमेंट पोचावं म्हणून राईतून रस्ता काढला जातो, सभामंडपासाठी चार जुनी झाडं जातात. हीही धर्मादाय भागीदारीच आहे, आणि भक्तीने दिलेल्या या पैशाने देवाचं रान आटतं. मंदिर समित्यांशी बोलून राईला वर्गणीत वाटा मिळवून देणं हे काम अजून फार थोड्यांनी हाती घेतलं आहे.

पाणलोटाची शिकवण

मोठ्या प्रमाणावर भागीदारीचा आपल्याकडचा खरा अनुभव पाणलोटाचा. फादर हरमन बाखर यांच्या प्रयत्नांतून उभा राहिलेला इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम आणि १९९३ साली स्थापन झालेली ‘वॉटर’ ही संस्था यांनी एक गोष्ट ठाम धरली: आधी गावाने श्रमदान, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी मान्य करायची, मग निधी. गावाने नियम पाळून दाखवणं हाच तिथं पहिला वर्ग होता.

पानी फाउंडेशनने २०१६ साली वरूड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांत ‘वॉटर कप’ स्पर्धा सुरू केली. २०१९ पर्यंत ती ७६ तालुक्यांत पोचली. प्रत्येक गावाने आधी माणसं प्रशिक्षणाला पाठवायची ही अट तिच्या यशाचं मर्म होती. भारतीय जैन संघटनेसारख्या संस्थांनी यंत्रं पुरवली, इतरांनी डिझेल. टीका झाली ती दोन मुद्द्यांवर: काही आठवड्यांच्या स्पर्धेत खोदकामाचे घनमीटर मोजले जातात, पण खालच्या खडकाचा आणि भूजलाच्या वाटपाचा विचार मागे पडतो, आणि मुरलेलं पाणी उसासारख्या पिकाकडे गेलं तर कमावलेलं गमावलं जातं. दोन्ही मुद्दे रास्त आहेत. संस्थेने पुढे शेतकऱ्यांच्या गटांसाठी ‘फार्मर कप’ हाती घेतला, म्हणजे पाण्यानंतर पिकाचा प्रश्न येतोच.

शाळेतला निसर्ग

पर्यावरण शिक्षण शाळेत आलं ते मोठ्या प्रमाणात न्यायालयामुळे. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली आणि पुन्हा २००३ साली हा विषय सक्तीने शिकवण्याचे आदेश दिले. पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचं पाठ्यपुस्तक पुण्याच्या डॉ. इराच भरुचा यांनी लिहिलं. प्राथमिक शाळेत ‘परिसर अभ्यास’ आहेच. आदेश पाळला गेला, पण विषय परीक्षेच्या गाड्याला जुंपला गेला. ‘प्रकल्प’ म्हणून स्टेशनरीच्या दुकानातले प्राण्यांचे तक्ते कापून वहीत चिकटवणारी पिढी आपण पाहिली आहे.

शहरांत संस्थांनी ही उणीव काही अंशी भरली. मिठी नदीच्या काठी, धारावीला लागून, ३७ एकरांच्या कचराभूमीवर महाराष्ट्र निसर्ग उद्यान उभं राहिलं. कल्पना डब्ल्यूडब्ल्यूएफ-इंडियाची, जमीन आणि व्यवस्था सरकारी प्राधिकरणाची. १९८३ साली डॉ. सलीम अली यांच्या हस्ते रोप लागलं आणि १९९४ साली उद्यान लोकांसाठी खुलं झालं. आजूबाजूच्या जमिनीचा भाव पाहिला तर हे रान टिकलं हेच नवल. गोरेगावला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं ३३ एकरांचं निसर्गशिक्षण केंद्र आहे. अशा जागांचं मोल मोठं, पण बहुतेक मुलांसाठी ती वर्षातली एक सहल असते. एका भेटीने कुतूहल जागतं. सवय लागायला तीच जागा पुन्हा पुन्हा पाहावी लागते. गावातल्या शाळेला त्यासाठी सहलही नको, ओढा आणि माळ दारात असतो. कमतरता असते ती मुलांना तिकडे नेण्यासाठी वेळ आणि मोकळीक असलेल्या शिक्षकाची.

माळावर लावलेली झाडं

अज्ञानाने दिलेल्या देणगीचं सर्वांत महागडं उदाहरण माळरानावर दिसतं. सरकारी भाषेत माळ म्हणजे ‘पडीक’, आणि पडीक जमीन म्हणजे वृक्षारोपणाला मोकळी जागा. राज्य सरकारने २०१६ साली दोन कोटी, पुढे चार, तेरा आणि २०१९ साली ३३ कोटी रोपांचं उद्दिष्ट ठेवलं, तेव्हा कंपन्याही त्यात उतरल्या. सोलापूर-पुणे पट्ट्यातल्या गवताळ माळांवर चर खणून गिरिपुष्प आणि सुबाभूळ लावली गेली. ज्या गवतावर चिंकारा, लांडगा, खोकड आणि धाविक पक्षी जगतात, धनगरांची मेंढरं चरतात, ते गवत मोडून ‘हरित पट्टा’ झाला. कोकणातल्या सड्यांवरही तेच. पावसाळ्यात कातळावरच्या बोटभर मातीत फुलणाऱ्या वनस्पतींना तिथं खणलेला खड्डा म्हणजे शेवटच. गेल्या काही वर्षांत पुण्याच्या परिसरात माळरानांसाठी काम करणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या आहेत, आणि त्यांचं पहिलं काम झाडं लावू नका हे देणगीदारांना पटवण्याचं असतं.

इथं शिकण्याची गरज मुलांपेक्षा पैसे देणाऱ्यांना जास्त आहे. निर्णय घेणारे अधिकारी एकदा दिवसभर धनगरासोबत माळावर हिंडले, तर पुढच्या वर्षीचं अंदाजपत्रक वेगळं होईल.

काय करता येईल

या अनुभवांतून देणगीदारांसाठी निघणारा निष्कर्ष फार गुंतागुंतीचा नाही. तीन वर्षांच्या चौकटीतही एकाच गावाशी, एकाच संस्थेशी लागोपाठ तीन-चार वेळा करार करता येतो. कायदा त्याला आडवा येत नाही. कंपन्या दरवर्षी नवं गाव शोधतात त्या सवयीचं कारण नियमांत नाही, अहवाल ताजा दिसावा या हौसेत आहे. शिक्षण आणि पर्यावरण या दोन नोंदींखालचा पैसा एकाच ठिकाणी लावला, तर शाळेतला निसर्गशिक्षक आणि पाड्यावरचा राखणदार यांचे पगार निघू शकतात. २०२१ च्या नियमांनुसार सीएसआरमधून उभी राहिलेली मालमत्ता कंपनीच्या नावावर राहत नाही, ती सार्वजनिक न्यास, लाभार्थी गट किंवा शासकीय यंत्रणा यांच्याकडे जाते. या तरतुदीचा उपयोग गावाच्या सामूहिक जमिनीवरची गोदामं, रोपवाटिका, अभ्यासकेंद्रं ग्रामसभेच्या हाती देण्यासाठी करता येईल.

सरकारकडून दोन गोष्टी हव्यात. स्वेच्छेने रान राखणाऱ्या खासगी मालकाची जमीन संपादन होणार नाही, अशी स्पष्ट हमी. आणि सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ सदरात दीर्घ मुदतीच्या संवर्धन-कराराची नोंद घेण्याची सोय. एवढं झालं तर संगमेश्वरसारखे करार मालक बदलला तरी टिकतील.

संस्थांनीही आपल्या अहवालाचा साचा बदलायला हवा. किती रोपं लावली आणि किती विद्यार्थी आले, हे आकडे मिळवायला सोपे म्हणून पुढे येतात. पाच वर्षांनी किती जमीन तशीच उभी आहे, तिच्यावर लक्ष ठेवणारी गावातली किती माणसं पगारावर किंवा उत्पन्नावर आहेत, आणि संस्था निघून गेली तर काम कोण पुढे नेणार, याची उत्तरं मागणारा देणगीदार अजून दुर्मीळ आहे. तसे दहा-वीस देणगीदार निघाले, तर आज अपवाद म्हणून सांगावी लागणारी वेळास आणि मेंढ्याची उदाहरणं प्रत्येक जिल्ह्यात सापडायला लागतील.